पाणी कितव्या फुटाला आत येतं?

घरदार : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर २०२४ साली तेरा दिवसांच्या अंतराने हेलेन आणि मिल्टन ही दोन वादळं आली. तेव्हापासून या सदराकडे आलेल्या पत्रांमधली तीन इथे घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण त्या प्रश्नात इतर अनेकांचे प्रश्न आले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला राहतो. २०२१ साली खाडीपासून चार गल्ल्या आत घर घेतलं. १९६२ सालचं, एकमजली, सिमेंटच्या ब्लॉकचं, जमिनीलगतच्या स्लॅबवर बांधलेलं. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलेनचं पाणी अडीच फूट घरात आलं. आम्ही आधीच मित्राकडे गेलो होतो म्हणून जिवावरचं टळलं. ओल्या भिंती अर्ध्या कापून होतात तोच मिल्टन आलं. पूरविमा आहे. पण शहराकडून पत्र आलंय की नुकसान इमारतीच्या किमतीच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त आहे, तेव्हा आहे त्या पातळीवर दुरुस्ती करता येणार नाही, घर उंच करावं लागेल. मला विकायचं आहे, ह्यांना दुरुस्त करायचं आहे. 'आहे त्या स्थितीत रोखीने घेतो' अशी कार्डं रोज पोस्टात येतात. साताऱ्याहून सासरे म्हणतात, सगळं सोडून परत या. हे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगी तीन वर्षांची, इथेच जन्मलेली. आम्हाला सरकारी मदत मिळणार नाही असं सगळे सांगतात. रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मी उठून गॅरेजमध्ये गेले. तिथे आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराच्या चौकटीचा एक तुकडा जपून ठेवला आहे. त्यावर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत, शेजारी तारखा. आणि त्या सगळ्यांना आडवी छेदून गेलेली चहाच्या रंगाची एक रेघ. ती ऑगस्ट २०१७ ची, टेक्ससमध्ये ह्यूस्टनला आलेल्या हार्वी वादळाची. धाकटा सहा वर्षांचा असताना जेवढा होता, तेवढ्या उंचीवर पाणी येऊन थांबलं होतं आणि सहा दिवस तसंच उभं होतं. म्हणजे तुम्ही आज कुठे उभ्या आहात ते मला माहीत आहे. ओल्या भिंतीचा तो वास, आणि माणसं 'जीव वाचला ना, बाकी काय' म्हणतात तेव्हा पोटात कसं होतं, ते सगळं माहीत आहे.

विकायचं की ठेवायचं, हे या महिन्यात ठरवू नका. आधी घर वाळू द्या. ओलं घर विकलं तर मातीमोल भावाने जातं आणि ओलं घर दुरुस्त केलं तर सहा महिन्यांनी पुन्हा फोडावं लागतं. कोरडं घर दोन्हीकडे कामाला येतं. शिवाय तुमच्याकडे समुद्राचं पाणी आलं आहे. मीठ वायरींत, बटणांच्या डब्यांत, ब्लॉकच्या भोकांत बसतं आणि हवेतली ओल ओढत राहतं. तुमच्या भिंतीत ब्लॉकवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर शीटरॉक, म्हणजे जिप्समचा पत्रा, लावलेला असणार. तो नुसता काढून भागत नाही. गोड्या पाण्याने धुऊन घ्या आणि त्या पट्ट्या वाळल्या की नाही ते मीटरने बघा. दोन पिनांचा मीटर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. कंत्राटदाराच्या मीटरवर विसंबू नका, आपला स्वतःचा घ्या.

आमच्याकडे पहिल्या दिवशी लाकडात आकडा चाळीस येत होता. पंखे आणि ओल खेचणारी दोन यंत्रं रात्रंदिवस चालू ठेवून तेविसाव्या दिवशी बहुतेक ठिकाणी चौदा आला. न्हाणीघरामागची उत्तरेची भिंत मात्र बावीसवर अडून बसली होती. कंत्राटदार म्हणाला, एवढं चालतं, शीटरॉकची गाडी उद्या येतेय. मी नाही म्हटलं. लाकूड पंधराच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही हे मी एका शेजाऱ्याकडून ऐकलं होतं आणि तेवढ्याच आधारावर नऊ दिवस हट्ट धरून बसले. ह्यांनी त्या नऊ दिवसांत माझ्याशी धड बोलणं केलं नाही, कारण आम्ही सहा माणसं मैत्रिणीच्या दोन खोल्यांत होतो आणि तिच्या घरात अवघडून राहायला त्यांना जड जात होतं. पलीकडच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने तिसऱ्याच आठवड्यात भिंती बंद केल्या. फेब्रुवारीत त्यांनी कपाट सरकवलं तर मागची भिंत जमिनीपासून हातभर काळी.

आता पैशाचं. 'व्हिसावाल्यांना काही मिळत नाही' हे अर्धवट खरं आहे, आणि या अर्धवट माहितीपायी आपले कितीतरी लोक अर्जच करत नाहीत. फेमाची, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संस्थेची, रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांनाच मिळते. एच-वन-बी आणि एच-फोर त्यात बसत नाहीत. पण घरात अठरा वर्षांखालचं नागरिक मूल राहत असेल आणि त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक असेल, तर आईबाप त्या मुलाच्या वतीने अर्ज करू शकतात. तुमची तीन वर्षांची लेक नागरिक आहे. विमा असलेल्यांनीही नोंदणी करावी, विम्याचा निर्णय आल्यावर तो त्यांना कळवायचा असतो. आणि पहिल्या पत्रात 'पात्र नाही' असं आलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा एखादा कागद कमी असतो, तो जोडून फेरविचार मागता येतो.

विमा तुमचा आहे हे फार मोठं बळ आहे. हार्वीत आमच्या गल्लीत बहुतेकांकडे पूरविमा नव्हता. साध्या घरविम्यात पूर धरलेला नसतो, हे लोकांना त्या दिवशी कळलं. मात्र सरकारी पूरविम्याच्या मर्यादा समजून घ्या. घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानासाठी वेगळा भाग घेतला असेल तर जास्तीत जास्त एक लाख, आणि तेही वापरलेल्या वस्तूच्या आजच्या किमतीने. दुसरीकडे राहण्याचं भाडं त्यात मिळत नाही, म्हणून दर महिन्याच्या हिशेबात ते आधी धरा. ॲडजस्टरने, म्हणजे विम्याकडून नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाने, मांडलेला आकडा शेवटचा नसतो. भिंती उघडल्यावर जे आणखी दिसेल त्याचे फोटो, मोजमाप आणि खर्चाचा अंदाज देऊन पुरवणी दावा करता येतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाणी तापवायची टाकी फेकण्याआधी त्यावरच्या क्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढा. गालिच्याचा वीतभर तुकडा कापून पिशवीत ठेवा. मी हे केलं नव्हतं आणि आमचा गालिचा स्वस्तातला धरला गेला.

विम्याच्या चेकवर तुमच्याबरोबर कर्ज देणाऱ्या संस्थेचंही नाव असेल. ती रक्कम बहुधा एकदम हातात येत नाही, कामाची तपासणी होत जाईल तशी हप्त्याहप्त्याने सुटते. म्हणून कंत्राटदाराला मोठी आगाऊ रक्कम कबूल करू नका. त्याचा परवाना राज्याच्या यादीत स्वतः बघा. आणि कर्ज देणाऱ्यांना फोन करून आपत्तीची सवलत मागा, काही महिने हप्ते थांबवता येतात. थांबलेले हप्ते नंतर कसे भरायचे, ते मात्र त्यांच्याकडून लेखी घ्या.

आता ते ५० टक्क्यांचं पत्र. पूरक्षेत्रात दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्याला पोहोचला किंवा त्याच्या वर गेला, तर घर आजच्या नियमांत बसवावं लागतं, म्हणजे राहता मजला ठरलेल्या पूरपातळीच्या वर न्यावा लागतो. यात जमिनीची किंमत धरत नाहीत, नुसत्या इमारतीची धरतात. तुम्ही पत्रासोबत आकडे पाठवलेत त्यावरून सांगते. कौंटीने, म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या प्रशासनाने, इमारत १,८०,००० डॉलरची धरली आहे, दुरुस्तीचा अंदाज १,०५,००० आहे, म्हणजे ५८ टक्के. हा कौंटीचा आकडा करासाठी काढलेला असतो. परवानाधारक अप्रेझरकडून, म्हणजे घराची किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाकडून, वादळाआधीच्या इमारतीची स्वतंत्र किंमत काढून घेण्याची मुभा असते. ती २,१५,००० निघाली, तर तोच खर्च ४९ टक्क्यांखाली येतो आणि उंच न करता परवाना मिळू शकतो. तुमच्या ह्यांना हाच मार्ग दिसतो आहे असं वाटतं, आणि अनेक घरं या मार्गाने गेली आहेत.

पण टक्केवारी खाली आली म्हणून घराची जमीन वर येत नाही. जे पाणी २६ सप्टेंबरला अडीच फूट आलं, ते पुढच्या वेळीही त्याच दारातून येणार. म्हणून तुम्हा दोघांना मी एकच प्रश्न विचारते, आणि तो आम्ही स्वतःला विचारला नव्हता याची खंत मला अजून आहे. पाणी आलं कुठून, आणि ते कितव्या फुटाला तुमच्या उंबऱ्यावर चढतं?

आमचं घर ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला होतं. जवळ बार्कर जलाशय. १९४० च्या दशकात शहर वाचवायला बांधलेला मातीचा बांध, आणि आत एरवी पाणीच नसतं. आत मोठं उद्यान आहे, फुटबॉलची मैदानं आहेत, दर शनिवारी मी मुलांना तिथे घेऊन जायची. आपण खेळतो ती धरणाच्या आतली जमीन आहे हे माझ्या कधी मनातही आलं नाही. हार्वीत पाणी बांधामागे साठत मागे मागे सरकत आलं आणि वरच्या अंगाच्या वसाहतींत शिरलं. नदी फुटली नाही, बांध फुटला नाही. ज्याकरता तो बांधला होता तेच त्याने केलं, आणि आमची घरं त्याच्या पोटात होती. ऑगस्टच्या शेवटी हे घडलं आणि जानेवारीत आम्ही नव्या भिंतींत राहायला गेलो. साडेचार महिन्यांत. सगळ्यांनी शाबासकी दिली. मग मार्चमध्ये मी एक दिवस कौंटीच्या कचेरीत जाऊन वसाहतीचा मूळ नकाशा मागितला. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती : ही वसाहत जलाशयालगत आहे आणि इथे दीर्घकाळ नियंत्रित जलमग्नता होऊ शकते. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ उभी होते. ती आधी वाचली असती तर त्या भिंतींवर आम्ही सगळी पुंजी ओतली नसती.

तुमच्याकडचं पाणी समुद्राचं आहे. खाडीत वाऱ्याने ढकललेलं पाणी पावसाच्या पाण्यासारखं गटारं साफ करून थांबत नाही. म्हणून आधी तुमच्या घराचं एलेव्हेशन सर्टिफिकेट शोधा. पूर्वीच्या मालकाने केलं असेल तर शहराच्या कचेरीत प्रत मिळू शकते, नाहीतर सर्व्हेयरकडून करून घ्या. त्यात तुमच्या फरशीची उंची समुद्रसपाटीपासून किती, आणि पूरपातळी किती, हे दोन आकडे असतात. त्यांतलं अंतर म्हणजे तुमचा प्रश्न. हेलेनच्या आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये इडालिया आलं तेव्हा तुमच्या गल्लीत पाणी कुठवर होतं, ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा. नकाशा सांगत नाही ते सत्तरी गाठलेला शेजारी सांगतो.

एवढं हाती आल्यावर दोघांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर, म्हणजे सध्या ज्या कुणाच्या टेबलावर जेवता तिथे, तीन कागद करा. उंच करून ठेवलं तर काय, त्याच पातळीवर दुरुस्त केलं तर काय, विकलं तर काय. प्रत्येकावर पुढच्या दोन वर्षांचा महिन्याचा खर्च लिहा : हप्ता, भाडं, विमा, कर. उंच करण्यासाठी तुमच्या पूरविम्यात वेगळे ३०,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात आणि शहराचं ते ५० टक्क्यांचं पत्र हाच त्याचा पुरावा असतो. पण स्लॅबवरचं ब्लॉकचं घर उचलायला त्याच्या कितीतरी पट लागतात. आणि तुमचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर हातात साधारण ६० दिवस. अर्धवट उचललेलं घर आणि ६० दिवस हे गणित कागदावर मांडून बघा.

मला विचाराल तर त्याच पातळीवर दुरुस्ती करून राहणं हा तिन्हींतला सगळ्यांत वाईट मार्ग आहे. उंच करणं चांगलं, पण ते धाडस पाच-सात वर्षं तिथे राहण्याची खात्री असलेल्याने करावं. तुमच्या जागी मी घर कोरडं करीन, विम्याचा दावा पुरा करीन आणि मग विकीन. पण त्या कार्डवाल्यांना नाही. ती माणसं तुमच्या न झोपलेल्या रात्रींची किंमत लावतात. दोन स्थानिक एजंटांकडून जमिनीची किंमत वेगळी काढून घ्या. खाडीजवळच्या जमिनीला, जुनं घर पाडून उंच नवं बांधणारे गिऱ्हाईक असतं. विकताना सगळं खरं लिहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात विकणाऱ्याला पुराचे विमादावे आणि पुरासाठी घेतलेली सरकारी मदत सांगावीच लागते. टेक्ससमध्ये तसा कायदा सप्टेंबर २०१९ पासून कडक झाला. आम्ही २०२० च्या सुरुवातीला विकलं, फॉर्मवर जलाशयाची ओळ माझ्या हाताने लिहिली. पैसे कमी आले. पण घेणाऱ्या बाईंच्या डोळ्याला डोळा देऊन किल्ली देता आली.

सासऱ्यांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका. परत जाण्याचा निर्णय मोठा आहे आणि तो मुलीच्या शाळेसाठी, तुमच्या कामासाठी, त्यांच्या वयासाठी जरूर घ्या. भिंती ओल्या आहेत म्हणून घेऊ नका. आणि ह्यांच्याशी भांडताना एक लक्षात असू द्या. त्यांना दुरुस्तच करायचं आहे त्यामागे बहुतेक 'हे घर मी निवडलं' हे शल्य असतं. आमच्याकडे ते होतं. मी ते तीन वर्षांनी विचारलं. तुम्ही आजच विचारा.

प्रश्न : आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. मुलगा-सून टँपाजवळ असतात. त्यांच्या घरात पाणी गेलं हे आम्हाला दुसऱ्याकडून कळलं. मुलगा फोनवर 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणतो. माझा एक प्लॉट आहे, तो विकून पैसे पाठवावेत का? आणि हिची इच्छा आहे की आम्ही दोघांनी लगेच जाऊन हातभार लावावा.

उत्तर : तुम्ही सांगलीचे, म्हणजे ऑगस्ट महिन्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न 'आयर्विनला किती फूट?' हा असणार. २०१९ साली त्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पुलापाशी कितव्या फुटाला पाणी आपल्या गल्लीत येतं, कितव्या फुटाला पायरीवर आणि कितव्याला माजघरात, हे गावभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. तुमच्या मुलाला त्याच्या नव्या घराचा तो आकडा कुणी सांगितला नाही. पैशांच्या आधी तुम्ही त्याला हे देऊ शकता. 'सगळं ठीक आहे ना' असं विचारू नका, कारण त्यावर 'हो' एवढंच उत्तर येतं. 'पाणी कितव्या विटेपर्यंत होतं? विजेचं बोर्ड खाली होतं का? धान्य कुठे ठेवलं होतं?' असं विचारा. पाणी पाहिलेला माणूस समोर आहे हे कळलं की तो बोलेल. २०१९ मध्ये तुम्ही काय फेकलं, काय धुऊन ठेवलं, आणि कशाचा नंतर पस्तावा झाला, ते त्याला सांगा. बापाचाही एकदा असाच संसार भिजला होता हे त्याला आता नव्याने ऐकू येईल.

प्लॉट आत्ता विकू नका. पैसे पाठवायला कायद्याची आडकाठी नाही, एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण विम्यातून किती आले आणि तूट किती, हे त्याला स्वतःलाच अजून माहीत नसणार. घाईने विकलेल्या जमिनीचे पैसे घाईने केलेल्या भिंतींत जातील. तूट नक्की झाली आणि ती मदतीने खरोखर भरून निघणार असेल, तेव्हा विचार करा. लहान रक्कम मात्र आजच पाठवा, दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी. त्यात त्याची लाज राखली जाते आणि सुनेला श्वास घेता येतो.

लगेच जाऊ नका. ती दोघं कुणाच्या तरी खोलीत असणार, आणि बुरशीच्या घरात साठी उलटलेल्यांनी वावरणं बरं नाही. दोन-अडीच महिन्यांनी, ती भाड्याच्या घरात स्थिर झाली की जा. तेव्हा खरी माणसं कमी पडतात, कारण सुरुवातीला धावून आलेले सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात. वहिनींनी त्या वेळी दोन वेळचा स्वयंपाक हातात घेतला तर त्याची किंमत कुठल्याही प्लॉटपेक्षा जास्त होईल.

प्रश्न : आमचं घर दिवेआगरला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात छप्पर उडालं, वाडी आडवी झाली. तेव्हा घाईने घातलेले निळे पत्रे आजतागायत आहेत. आम्ही चौघे चुलतभाऊ मुंबई-पुण्याला. दोघांना पाडून स्लॅबचं बांधायचं आहे, मला कौलारू ठेवायचं आहे. ८१ वर्षांची काकू तिथे एकटी राहते.

उत्तर : माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. निसर्गनंतर भावाने व्हिडिओवर दाखवलेली आमची वाडी मला ओळखू आली नाही, कारण पोफळी पडल्यावर मागचं आभाळ दिसत होतं आणि ते मी तिथून कधी पाहिलं नव्हतं. म्हणून हे पत्र माझ्या जवळचं आहे.

पाडण्याची घाई नको. समुद्राजवळच्या बांधकामाला किनारपट्टीचे नियम लागतात, आणि जुनं घर एकदा भुईसपाट झालं की ते तिथे होतं हे कागदाने सिद्ध करत बसावं लागतं. आधी घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि ग्रामपंचायतीकडचा घराचा नमुना आठचा उतारा काढा, त्यावर नावं कुणाकुणाची आहेत ते बघा, चौघांची संमती लेखी करा, ग्रामपंचायतीत विचारा. आणि काकूंना विचारा. त्या घरात राहणारं माणूस एकच आहे.

छपराचं म्हणाल तर जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि वरचं गेलं, यातच उत्तर आहे. आपल्याकडे छप्पर भिंतीवर टेकलेलं असतं, बांधलेलं नसतं. वाऱ्याने ते दाबून मोडत नाही, खालून उचललं जातं. फ्लोरिडात १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळाने हजारो घरांची छपरं उचलली. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम बदलले, आणि त्यातली मुख्य गोष्ट साधी आहे : प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीला बांधायचा आणि भिंत पायाला. तुम्हीही जांभ्याच्या भिंतीच्या डोक्यावर चहूबाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा घाला, त्यात पट्ट्या आधीच अडकवून ठेवा आणि वासे त्यांनी आवळा. छप्पर चौपाखी करा. आपल्या जुन्या सुतारांना हे ठाऊक होतं. दुपाखी घराची त्रिकोणी भिंत वारा छातीवर घेते, चौपाखीवरून तो घसरतो. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, म्हणजे पडवी गेली तरी ती घराला ओढून नेणार नाही. कौलं घालायची तर कडेच्या आणि आढ्याच्या ओळी तारेने बांधून घ्या.

संपूर्ण स्लॅब मला पटत नाही. खाऱ्या हवेत सळई गंजते, स्लॅब गळायला लागतो, आणि मग त्याच्यावर पत्र्याचं छप्पर चढवलेली घरं तुम्ही रस्त्याने पाहिली असतीलच. पण तुमचे भाऊ अगदीच चुकीचे नाहीत. माजघराला लागून एक खोली आणि न्हाणी स्लॅबची करा. लहान, जाड भिंतींची, दाराला आतून भक्कम अडसर. निसर्गच्या दुपारी किती म्हातारी माणसं उघड्या आभाळाखाली भिंतीला टेकून बसली होती. पुढच्या वेळी काकूंना शेजाऱ्याकडे धावायला लागू नये. यावर चौघांचं एकमत व्हायला हरकत नाही.

काम दिवाळीनंतर काढा आणि छप्पर होळीच्या आत मिटवा, वैशाखात सुतार मिळत नाहीत. पहिल्यांदा ती खोली बांधून घ्या. काकूंचं अंथरूण, देव आणि कागदांची पेटी तिथे हलवा, आणि मगच निळे पत्रे उतरवा.